पूर बाई-पुरुष बघून येत नाही, मग बायकांचा वेगळा विचार कशाला?

वाचकाचं पत्र

आमच्या भागात हवामान बदलाला तोंड देण्यासाठी एक नियोजन समिती नेमली आहे. अकरा सदस्य, त्यात मी एकटी बाई. शाळेत शिकवते म्हणून माझं नाव पुढे आलं. गेली काही वर्षं आमच्याकडे पाऊस एक तर येतच नाही, नाहीतर येतो तो थेट घरात शिरतो. उन्हाळाही दरवर्षी जास्तच भाजतो आहे. पहिल्या बैठकीत मी एवढंच म्हणाले, की आराखड्यात बायका-मुलींचा वेगळा विचार व्हावा. त्यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मॅडम, पूर काही बाई-पुरुष बघून घरात शिरत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला उत्तर सुचलं नाही. शेवटी अध्यक्षांनी 'महिला जनजागृती' हा विषय माझ्याकडे दिला आणि बैठक संपली.

घरी येऊन हे सांगितलं तर नववीतली लेक म्हणाली, "म्हणजे आता हेही काम बायकांनीच करायचं का?" तेव्हापासून मी दोन्हीकडून अडकले आहे. त्या सदस्यांना काय सांगू? लेकीला काय सांगू? आणि जनजागृतीचं काम घेऊ की नको म्हणू?

— एक शिक्षिका

उत्तर

प्रिय मैत्रीण,

त्या ज्येष्ठ सदस्यांचं वाक्य आधी घेऊ, कारण ते तुम्हाला यापुढेही ऐकावं लागणार आहे. ते म्हणाले त्यात चूक काही नाही. पाण्याला कोण बाई, कोण पुरुष हे कळत नाही. पण पाणी येणार ही बातमी निघाल्यापासून ते दारात येईपर्यंत मध्ये काही तास असतात, आणि कोण वाचणार हे बहुतेक वेळा त्या तासांत ठरतं. ते तास घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. तुमचं उत्तर इथून सुरू होतं.

२९ एप्रिल १९९१ च्या रात्री बांगलादेशच्या चितगाव किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. नंतर झालेल्या पाहणीत २० ते ४४ या वयोगटाचे आकडे पुढे आले: हजार बायकांमागे ७१ मृत्यू, हजार पुरुषांमागे १५. हे वय म्हातारपणाचं नाही, आजारपणाचं नाही. धडधाकट, कामाच्या वयाच्या या बायका होत्या. वारा दोघांना एकच, लाट एकच, मग एवढा फरक कुठून आला?

त्या रात्रीचं एक घर डोळ्यांसमोर आणा. धोक्याची सूचना बाजारात, चौकात, माणसं जमतात तिथे पोचली होती. तिथे पुरुष होते, बाई घरात होती. तिच्यापर्यंत बातमी आली ती उशिरा, तीही कुणाच्या तरी तोंडून. कडेवर एक मूल, हाताला दुसरं, आत अंथरुणाला खिळलेली सासू, बाहेर बांधलेली जनावरं. नवरा घरी नाही, आणि त्याला न विचारता घर सोडलं तर उद्या काय ऐकावं लागेल, ही धास्ती. निवाऱ्यात गेलं तर तिथे परक्या पुरुषांची गर्दी, बाईला आडोसा नाही. शेवटी निघायची वेळ आली तेव्हा पाणी कमरेपर्यंत, अंगावर पायात गुंतणारं लुगडं, आणि पोहायला तिला कुणी कधी शिकवलेलंच नाही. यातली एकही गोष्ट वादळाने केलेली नाही. ती सगळी आधीपासून तिथे होती.

हे एका देशापुरतं आहे असं कुणी म्हणालं, तर त्यालाही उत्तर आहे. एरिक नॉयमायर आणि थॉमस प्ल्यूम्पर या दोन अभ्यासकांनी १९८१ ते २००२ या काळातल्या १४१ देशांतल्या आपत्तींची माहिती तपासली आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. आपत्तींमुळे स्त्रियांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, आपत्ती जितकी मोठी तितकी ही दरी रुंद होते. आणि जिथे स्त्रियांचे आर्थिक-सामाजिक हक्क भक्कम आहेत तिथे ती कमी होते. मला या अभ्यासातला हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. शरीर दुबळं म्हणून बायका मरत असत्या तर हक्कांनी काही फरक पडला नसता.

आता एक सावधगिरी. 'प्रत्येक आपत्तीत बायकाच जास्त मरतात' असं बैठकीत म्हणू नका. ते खरं नाही आणि कुणीतरी तुम्हाला तिथेच पकडेल. श्रीमंत देशांतल्या कित्येक पुरांत पुरुष जास्त बुडतात, कारण पाण्याखाली गेलेल्या पुलावरून गाडी घालणारे आणि वाहून जाणाऱ्याला वाचवायला उडी मारणारे बहुधा पुरुष असतात. उन्हात बांधकामावर कोसळणाऱ्यांतही पुरुष पुष्कळ. हे मोकळेपणाने मान्य करा, कारण तेही तुमच्याच बाजूचं आहे. जो जे काम करतो, जिथे वावरतो, ज्याच्याकडून जी अपेक्षा असते, त्यानुसार धोका त्याला गाठतो. मग आराखडा करताना 'नागरिक' असं एकच माणूस गृहीत धरून चालणार कसं?

उन्हाचंच बघा. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ६१ हजारांहून जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यात दर दहा लाखांमागे स्त्रिया १४५ आणि पुरुष ९३. यातला मोठा भाग वयाचा आहे. खूप म्हाताऱ्या माणसांत बायका जास्त, आणि त्यातल्या अनेक एकट्या राहणाऱ्या. म्हणजे तिथला प्रश्न वेगळा आहे: दुपारी दोन वाजता बंद दाराआड कोण एकटी आहे हे कुणाला ठाऊक आहे का? तुमच्या समितीकडे अशी यादी नसेल तर ती मागा. थोड्या दिवसांत होणारं काम आहे.

गर्भवतींचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की तापमान दर १ अंश सेल्सिअसने वाढलं की वेळेआधी बाळंतपण होण्याची आणि मूल मृत जन्मण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. बांगलादेशच्या किनारपट्टीवर समुद्राचं खारं पाणी जमिनीत शिरतं, विहिरी-तळ्यांत उतरतं. तिथल्या संशोधकांना असं आढळलं, की पिण्याच्या पाण्यातलं मीठ आणि गरोदरपणातला रक्तदाब यांचा थेट संबंध आहे. समुद्र वर येतो आहे, हे आपण नकाशावर बघतो. त्या बायकांच्या अंगात तो पाण्याच्या पेल्यातून शिरतो आहे.

पण मला तुमचं लक्ष वादळापेक्षा, पुरापेक्षा दुष्काळाकडे जास्त वेधायचं आहे. वादळाची बातमी होते. दुष्काळ मात्र महिनोन्‌महिने मुलींच्या दिवसातला एकेक तास काढून घेतो आणि त्याची कुठे नोंद होत नाही. जगात १८० कोटी माणसांच्या घरात किंवा अंगणात पाणी येत नाही. अशा दर दहा घरांपैकी सात घरांत पाणी आणायचं काम बाईचं किंवा मुलीचं असतं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात आहे. जवळची विहीर आटली की ते काम लांबतं, पण ते दुसऱ्या कुणाकडे जात नाही. आई दूर जाते म्हणून धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. आधी पहिला तास चुकतो, मग आठवड्यातून एक दिवस, मग परीक्षा. तुम्ही शिक्षिका आहात. मुलगी एका दिवसात शाळा सोडत नाही, हजेरीपटावर ती हळूहळू कमी होत जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

इथे तुमच्या हातात असं काही आहे जे समितीतल्या दुसऱ्या कुणाकडेच नाही. गेल्या काही वर्षांचे हजेरीपट काढा. टंचाईच्या महिन्यांत मुलींची हजेरी किती, मुलांची किती, एवढंच मांडा. कदाचित फरक दिसणार नाही, मग तो मुद्दा सोडून द्या. दिसला, तर तो कागद पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा. बाहेरच्या देशांचे आकडे ऐकून माणसं मान डोलावतात आणि विसरतात. स्वतःच्या शाळेचा आकडा बघितल्यावर ती विसरणं अवघड जातं.

आपल्याच भागाचं बघा असं मी म्हणते याला आणखी एक कारण आहे. दुष्काळ पडला की मुलींची लग्नं लवकर होतात, असं सरसकट बोललं जातं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका आणि भारत यांची तुलना केली आहे. आफ्रिकेतल्या त्या भागात वराकडून वधूच्या घरी धन येतं, तिथे दुष्काळात बालविवाह वाढले. भारतात वधूच्या घरच्यांना हुंडा द्यावा लागतो, तिथे दुष्काळाच्या वर्षी लग्नं पुढे ढकलली गेली. पाऊस दोन्हीकडे सारखाच चुकला, पण मुलींच्या आयुष्याला वळण उलट दिशेने मिळालं. म्हणून दुसरीकडचा आराखडा उचलून आणू नका. आधी आपल्याकडे नेमकं काय घडतं ते शोधा.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागात जी कुटुंबं बाई चालवते, त्यांचं उष्णतेमुळे होणारं उत्पन्नाचं नुकसान पुरुष चालवतात त्या कुटुंबांपेक्षा ८ टक्के जास्त असतं, पुरामुळे होणारं ३ टक्के जास्त. जमीन नावावर नसते, म्हणून कर्ज मिळत नाही. कर्ज नाही म्हणून पंप नाही, टिकाऊ बियाणं नाही. आणि नुकसानभरपाई जमिनीच्या उताऱ्यावरच्या नावाला मिळते. शेतात राबणारी एक, भरपाई घेणारा दुसरा. हा भाग तुमच्या समितीच्या अधिकारात किती येतो ते मला माहीत नाही, पण यादी करताना 'कुटुंबप्रमुखाचं नाव' या रकान्याशेजारी 'प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव' असा एक रकाना वाढवायला कुणाची परवानगी लागू नये.

आता तुमच्या लेकीच्या प्रश्नाकडे येते. मला तो तुमच्या सगळ्या पत्रातला सर्वांत नेमका प्रश्न वाटला.

हवामान बदल आणि स्त्रिया हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, बिचाऱ्या बायका. दुसरा, निसर्गाच्या रक्षणकर्त्या बायका. पहिल्यात तिच्या हाती काही नसतं आणि दुसऱ्यात सगळं तिच्याच डोक्यावर टाकलेलं असतं. दुसरा सूर कानाला गोड लागतो म्हणून जास्त घातक आहे. रोपं लावा, पाणी साठवा, इंधन वाचवा, कचरा वेगळा करा, शेजारणींना समजवा. सगळं बिनपगारी, सगळं स्वयंपाक-धुणं-पाणी आटोपून उरलेल्या वेळात. आणि बंधारा कुठे घालायचा, निवारा कुठे बांधायचा, निधी कशावर खर्च करायचा, हे ठरतं त्या खोलीत ती नसते. तुमच्या अध्यक्षांनी नेमकं हेच केलं. त्यांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण दहा जणांनी आराखडा ठेवून घेतला आणि तुमच्याकडे प्रचार दिला. तुमच्या लेकीला हे एका वाक्यात कळलं.

तेव्हा तिला सांगा, की तू बरोबर आहेस. आणि हेही सांगा, की काम नाकारून हा प्रश्न सुटत नाही. कामाबरोबर निर्णय, माहिती आणि पैसा हे तिन्ही आले पाहिजेत. ते आले की काय होतं याची उदाहरणं आहेत आणि ती पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहेत.

होंडुरासमध्ये ला मासिका नावाचं एक नगर आहे. १९९८ च्या ऑक्टोबरअखेरीस मध्य अमेरिकेवर मिच नावाचं चक्रीवादळ आलं आणि त्या प्रदेशात ११ हजारांवर माणसं गेली. ला मासिकात एकही मृत्यू नोंदला गेला नाही. काही महिने आधी तिथे आपत्तीच्या पूर्वतयारीचं प्रशिक्षण झालं होतं. पुरुषांसाठी वेगळं आणि बायकांना घरगुती सूचना असला प्रकार नव्हता, दोघांनाही सगळं शिकवलं होतं. पूर्वसूचना यंत्रणेवर सतत नजर ठेवायचं काम पुरुषांकडे होतं आणि ते त्यांनी हळूहळू सोडून दिलं होतं. बायकांनी ते आपल्याकडे घेतलं. रोज बघायचं, नोंद ठेवायची, पुढे कळवायचं. कंटाळवाणं काम आहे ते, पण मिच आलं तेव्हा नगरपालिकेला वेळेवर कळलं आणि लोक वेळेवर हलवले गेले. यातली एक गोष्ट निसटू देऊ नका. त्या बायकांनी सांगितलं तेव्हा नगरपालिकेने ऐकलं. सूचना देणारीच्या शब्दाला वजन नसतं तर त्या नोंदवहीचा काही उपयोग झाला नसता.

बांगलादेशही १९९१ वर थांबला नाही. १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला होता, तो पुढे वाढत गेला. निवारे वाढले, सूचना सुधारल्या. स्वयंसेवकांत आधी बायका फार थोड्या होत्या. आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या बायका आहेत. बाई स्वयंसेवक थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकते, घरातल्या बाईला 'चल' म्हणू शकते, आणि तिच्याबरोबर निवाऱ्यात जायला कुणाची हरकत नसते. २००७ मध्ये सिद्र हे भीषण वादळ आलं तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. तेही थोडं नाही, पण १९९१ च्या आकड्याशेजारी ठेवून बघा. हे श्रेय एकट्या बायकांचं नाही आणि तसं म्हणूही नये. निवारे, यंत्रणा, प्रशिक्षण, सगळ्यांचंच आहे. पण बायकांपर्यंत सूचना पोचवायला बायका लागतात, हे तिथल्या यंत्रणेने स्वीकारलं.

केनियाचं उदाहरण तुम्हाला शाळेत सांगता येईल. वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. गावातल्या बायका सरपण लांब गेलं, ओढे आटले अशा तक्रारी करत होत्या. माथाईंनी त्यांना रोपवाटिका उभ्या करायला लावल्या आणि जगलेल्या रोपामागे थोडं का होईना मानधन दिलं. कोट्यवधी झाडं उभी राहिली आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. सगळे झाडांचे आकडे सांगतात. मला ते मानधन जास्त महत्त्वाचं वाटतं. भारतात 'सेवा' संघटनेनेही कष्टकरी बायकांसाठी उष्णतेचा विमा आणला आहे. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे काही दिवस राहिलं की बाईच्या खात्यात पैसे जमा होतात, नुकसान सिद्ध करत कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. रक्कम मोठी नसते, पण भर दुपारी कामावर न जाण्याची मुभा तिला मिळते.

आता तुमच्या अकरा जणांच्या समितीबद्दल. एकटीने भांडत बसू नका. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या सामुदायिक वनसमित्यांचा अभ्यास केला आहे. समितीत बायका एक-दोनच असतील तर त्या येतात आणि गप्प बसतात. त्यांचं प्रमाण पाव ते एक तृतीयांश झालं की त्या नेमाने येतात, बोलतात, पदं घेतात. आणि जिथे त्यांचा सहभाग वाढला तिथे जंगलाची स्थितीही जास्त सुधारली. पहिल्या बैठकीत तुम्हाला उत्तर सुचलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. दहा माना एकदम डोलल्या की कुणालाही सुचत नाही.

म्हणून तुमची पहिली मागणी जनजागृतीची नको, सदस्यांची असू द्या. आणखी तीन बायका घ्या म्हणावं. आणि त्या निवडताना भाषण करता येणाऱ्या शोधू नका. रोज पाणी भरणारी एक, आरोग्याचं काम करणारी एक, उन्हात मजुरीला जाणारी एक. मजुरीवाली बैठकीला आली तर तिचा दिवस बुडणार, तेव्हा तिच्यासाठी बैठक भत्ता मागा, किंवा बैठक तिच्या सोयीच्या वेळी ठेवा. संध्याकाळी सातची बैठक म्हणजे बायकांनी येऊ नये अशीच सोय असते, मग हेतू काहीही असो.

जनजागृतीचं काम मात्र नाकारू नका. घ्या आणि त्याचं रूप बदला. फलक, घोषणा, फेरी यांत वर्ष घालवू नका. त्याऐवजी एक रंगीत तालीम करा. एका दिवशी धोक्याची सूचना सोडा आणि ती प्रत्येक घरातल्या बाईपर्यंत किती वेळात, कुणाकडून पोचली ते टिपून घ्या. घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात बाहेर गेला असेल, तर फोनवरची सूचना घरी पोचलेलीच नसते. हे तालमीत कळेल, आणि त्या ज्येष्ठ सदस्यांनाही दिसेल. त्यांना मुद्दाम बरोबर घ्या, वेळ लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे द्या. मला वाटतं ते तुमचे विरोधक नाहीत, त्यांनी हे कधी जवळून बघितलेलं नाही इतकंच.

मग निवारा. तो दिवसा बघू नका, रात्री बघा, आणि दोन-चार बायकांना, एका गर्भवतीला, एखाद्या म्हातारीला बरोबर न्या. संडास कुठे आहे? वेगळा आहे का? तिथवर जायच्या वाटेवर दिवा आहे का? दाराला आतून कडी लागते का? रात्री वाटेवर अंधार असला की बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. कडी नसली की मुलगी रात्रभर आईला सोडत नाही. पाळी आलेल्या मुलीने कापड बदलायचं कुठे, वापरलेलं टाकायचं कुठे? अंगावर पाजणाऱ्या बाईने बसायचं कुठे? आपत्तीनंतर गर्दीच्या छावण्यांत बायका-मुलींची छेडछाड, मारहाण वाढते, हे जगभर वारंवार दिसलेलं आहे. पुढच्या वेळी सूचना मिळूनही बाई घर सोडत नाही तेव्हा तिला अडाणी म्हणतात. तिने मागच्या वेळची रात्र अनुभवलेली असते. कडी आणि दिवा या दोन गोष्टींना फार खर्च येत नाही, पण त्या अंदाजपत्रकात लिहिलेल्या नसतील तर त्या होत नाहीत.

अंदाजपत्रकाचं म्हणूनच सांगते: प्रत्येक कामासमोर 'कोण करणार' आणि 'त्याला काय मिळणार' हे दोन प्रश्न विचारायची सवय लावा. पाणी साठवण्याच्या टाक्या येणार, छान. भरणार कोण, धुणार कोण, राखणार कोण? उत्तर 'महिला मंडळ' असं आलं, तर लगेच मानधनाची ओळ मागा, आणि टाकी कुठे बसवायची हेही त्याच बायकांना विचारा असं सांगा. टाकी चढावर बसली तर त्यांच्या कामात भरच पडेल.

लेकीबद्दल एक शेवटचं. तिला स्वयंसेवक करायची घाई करू नका, तिच्याकडे आधीच कामं असतील. तिला आणि तिच्या मैत्रिणींना एक प्रश्न विचारा: पूर आला, शाळेत निवारा उघडला, तर तुमची शाळा किती दिवस बंद राहते? निवाऱ्यासाठी शाळा घेणं समितीला सोपं वाटतं. पण वर्ग लवकर सुरू झाले नाहीत तर मुलगे परत येतात आणि काही मुली येत नाहीत. वर्ग दुसरीकडे कुठे भरवायचे हे आराखड्यात आधीच लिहून ठेवता येतं. आणि मुलींना पोहायला शिकवायची सोय होत असेल तर तो खर्च आपत्ती निवारणातच धरा म्हणावं. १९९१ ची गोष्ट सांगितल्यावर त्यावर कुणी हसणार नाही.

पुढची बैठक कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. तीन सदस्यांची मागणी आणि रंगीत तालमीचा प्रस्ताव लेखी करून बैठकीआधी अध्यक्षांकडे द्या, पोच घ्या, आणि विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. नुसतं तोंडी बोललेलं इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच होऊन बसतं. हजेरीपटातून काय निघालं आणि काय ठराव झाला ते मला जरूर कळवा. तालमीचे कागद तयार करताना मदत लागली तर तेव्हाही लिहा.

तुमची,
सदर लेखिका